क्रोशे शिकायला घेताना: आधी टाका दिसू द्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सुया, खुणेच्या पिना, कात्री, टेप असं सगळं एका पाऊचमध्ये भरलेला मोठा संच घ्यावा का? कपाटात सापडलेली जुनी गडद निळी लोकर आणि ‘८’ असा आकडा कोरलेली बारीक स्टीलची सुई यांवर शिकता येईल का? आणि तुम्ही डावखुऱ्या आहात, तर सुई वेगळी लागते का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते. नाही लागत. क्रोशाच्या साध्या सुईला डावं-उजवं नसतं. जाड मुठीच्या काही सुयांवर बोटांच्या खाचा उजव्या हाताच्या हिशेबाने पाडलेल्या असतात, तेवढ्या टाळा. शिकवणारी व्यक्ती उजवखुरी असेल तर तिच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे तिचे हात तुम्हाला आरशातल्यासारखे दिसतील. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर तो आडवा उलटवून बघा. तुमचं काम उजवीकडून डावीकडे न जाता डावीकडून उजवीकडे जाईल, बाकी काही बदलत नाही.

संच घेऊ नका. जुनी लोकर आणि ती सुई जपून ठेवा, पण शिकण्यासाठी सध्या ती वापरू नका. का, ते जरा सविस्तर सांगते.

क्रोशे शिकवायला लागून मला वीस-बावीस वर्षं झाली. मध्येच सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक जण एकच कारण सांगतात, ‘माझा हातच वळत नाही.’ हात बघावा तर चांगला वळत असतो. दिसत नसतो तो टाका. एक बाई पहिल्या दिवशी काळी, केसाळ लोकर घेऊन आल्या होत्या. दोन तास मान खाली घालून त्यांनी चार ओळी विणल्या आणि पहिल्या ओळीतले अठरा टाके चौथ्या ओळीत अकरा झाले. सात टाके कुठे गळाले ते त्यांना सापडेना, आणि खरं सांगायचं तर मलाही सापडेना. त्यांना माझ्याजवळची फिकट पिवळी, गुळगुळीत लोकर दिली. त्याच संध्याकाळी त्यांचा चौकोन चौकोनासारखा दिसायला लागला. तेव्हापासून नव्या माणसाला सामान सुचवताना मी एकच कसोटी लावते: याने टाका दिसायला मदत होते की तो झाकला जातो?

टाका दिसतो म्हणजे काय दिसतं? मुका खांब म्हणजे सुरुवातीला शिकतात तो साधा, बुटका टाका. अशा मुक्या खांबांची एक ओळ विणून झाली की काम हातात आडवं धरा आणि वरून बघा. ओळीच्या माथ्यावर वेणी घातल्यासारखी दिसते. त्या वेणीतला एकेक दुवा म्हणजे एकेक टाका. त्यात दोन धागे असतात, एक तुमच्या अंगाचा आणि एक पलीकडचा, आणि दोघं एका बाजूला जाऊन मिळालेले असतात. पुढच्या ओळीत सुई या दोन्ही धाग्यांखालून घालायची. चुकून एकाच धाग्याखालून घातली तर दुसरा धागा मोकळा राहतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. ओळीतला शेवटचा टाका तर कडेला वळून लपूनच बसतो. तो दर ओळीला सुटला की दर ओळीला एक टाका कमी होतो आणि चौकोनाचा त्रिकोण होतो. शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातून हा त्रिकोण एकदा होतोच, माझ्याही झाला आहे. पण वेणी स्पष्ट दिसत असेल तर चूक दुसऱ्याच ओळीत लक्षात येते आणि उसवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

म्हणून आधी लोकरीबद्दल बोलू, सुई नंतर. लोक उलट करतात. सुयांच्या रंगीबेरंगी मुठींवर भाळतात आणि लोकर हाताला लागेल ती उचलतात.

रंग फिकट घ्या. फिका पिवळा, आकाशी, फिका हिरवा, मोतिया. अगदी पांढरीशुभ्र नको, कारण पहिलं काम वीस वेळा उसवलं जातं आणि पांढऱ्यावर हाताचा मळ लगेच चढतो. काळा, गडद निळा, मरून हे रंग रात्रीच्या दिव्यात सरावलेल्या डोळ्यांनाही त्रास देतात. मी स्वतः काळं काम असेल तर मांडीवर पांढरं फडकं पसरते, म्हणजे टाक्यांच्या भोकांतून पांढरं दिसतं आणि सुई कुठे घालायची ते कळतं. एकाच धाग्यात चार रंग बदलत जाणारी लोकर गुंड्यात मोहक दिसते, पण तिच्यात टाका कुठे संपला आणि रंग कुठे बदलला हे नव्या डोळ्याला वेगळं करता येत नाही. मखमली, झालरीची, गाठी-गाठींची, केसाळ लोकरही तूर्त नको. तिच्यात टाका दिसत नाही तो नाहीच, शिवाय उसवताना केस एकमेकांत अडकतात आणि धागा तुटतो.

पीळ बघा. धाग्याचं टोक चिमटीत धरून उलट दिशेला दोन-तीनदा फिरवा. लगेच चार धागे सुटे होऊन पसरले तर ती लोकर सुईच्या टोकावर फाटत राहणार. सुई धाग्याच्या पोटात शिरते, अर्धा धागा ओढून आणते आणि टाका झिपऱ्या सोडल्यासारखा दिसतो. घट्ट, गोल पिळाची लोकर घ्या. बोटांत धरल्यावर ती बारीक दोरीसारखी लागते.

जाडी मध्यम हवी. इथे शब्दांचा गोंधळ फार आहे. ‘प्लाय’ म्हणजे मुळात किती पेड एकत्र पिळले आहेत तो आकडा. पण आता बऱ्याच ठिकाणी तो जाडीचा अंदाज म्हणून वापरतात. ८ प्लाय म्हणजे साधारणपणे जिला डीके म्हणतात ती लोकर, १० प्लाय म्हणजे तिच्याहून थोडी जाड, जिला वर्स्टेड किंवा अरान म्हणतात ती. काही लेबलांवर लोकरीच्या गुंड्याचं छोटं चित्र आणि त्यात ० ते ७ पैकी एक आकडा असतो. ० म्हणजे जाळीच्या कामाची तलम, ७ म्हणजे मनगटाएवढी नसली तरी बोटाएवढी जाड. तुम्हाला ४ हवी. ती नाहीच मिळाली तर ३, म्हणजे डीके.

लेबलवर यातलं काहीच नसेल तर वजन आणि लांबी शेजारी ठेवून बघा. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास धागा असेल तर तो मोजे विणायचा बारीक धागा. २०० ते २५० मीटर म्हणजे डीकेच्या जवळपास, २०० किंवा त्याहून थोडा कमी म्हणजे आपल्या कामाची ४ नंबरची, आणि १०० मीटरच्या आसपास आला की जाडजूड. ॲक्रिलिक वजनाला हलकं असल्यामुळे तितक्याच जाडीत त्याचे मीटर थोडे जास्त भरतात, एवढं लक्षात ठेवा.

आता धागा कशाचा? मराठीत आपण ॲक्रिलिकलाही बिनदिक्कत लोकरच म्हणतो, त्यामुळे दुकानात नुसतं ‘लोकर द्या’ म्हटलं तर काय हातात पडेल याचा भरवसा नाही. लेबल वाचा. मेंढीच्या खऱ्या लोकरीला लवचिकपणा असतो. टाके थोडे कमी-जास्त झाले तरी ती सांभाळून घेते, धुतल्यावर तर आणखी एकसारखी दिसते. पण गरम पाण्यात घालून चोळली तर ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर ही भीती बरीच कमी असते. सुताचा टाका सगळ्यांत स्वच्छ दिसतो, पण सुताला लवचिकपणा नसतो, त्यामुळे हात आवळून विणणाऱ्यांची बोटं लवकर दुखतात आणि प्रत्येक उणाअधिक टाका उघडा पडतो. ॲक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपं, उसवून पुन्हा विणलं तरी टिकणारं. पहिल्या सरावासाठी मी ॲक्रिलिक किंवा लोकर-ॲक्रिलिकचं मिश्रण सुचवते, फक्त ते गुळगुळीत असावं. काही ॲक्रिलिक प्लास्टिकच्या सुईवर करकर वाजतं. तसं झालं तर सुई बदला, स्वतःला दोष देऊ नका.

ॲक्रिलिकबद्दल एक इशारा मात्र द्यायलाच हवा. अगदी सुरुवातीला मी मोठ्या हौसेने गरम भांडी उचलायचा चौकोन विणला, ॲक्रिलिकचा. पहिल्याच दिवशी तो कढईच्या कानाला चिकटला आणि त्याचा तो कोपरा प्लास्टिकसारखा कडक झाला. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. गरम भांड्याशी संबंध येणारी कुठलीही वस्तू सुती धाग्याची करा, दुपदरी करा. आणि ॲक्रिलिकच्या कामावर गरम इस्त्री टेकवू नका. ते चपटं, चकचकीत होतं आणि मूळचं फुललेपण परत येत नाही.

लेबलवर आणखी एक आकडा असतो, रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या मालाचा. रंगाचा क्रमांक एक असला तरी घाणा वेगळा असेल तर छटेत फरक पडू शकतो. दुकानातल्या दिव्याखाली तो कळत नाही. मी एकदा शाल अर्ध्यावर असताना नवे गुंडे आणले. रात्री सगळं एकसारखं दिसलं आणि सकाळी उन्हात बघते तर मधोमध पट्टा. सरावाच्या चौकोनाला याने काही बिघडत नाही, पण पुढे मोठं काम काढाल तेव्हा एका घाण्याचे सगळे गुंडे एकदम घ्या, वर एक जास्तीचा.

लोकर गुंड्याऐवजी लडीच्या रूपात मिळाली तर तिच्यावरून थेट विणू नका. लडी उलगडून कोणाच्या तरी दोन्ही हातांवर किंवा पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांवर चढवा, बांधलेले दोरे कापा आणि सैल हाताने गुंडा करा. घट्ट गुंडाळला तर धागा ताणलेला राहतो, आणि विणून धुतल्यावर आखडतो.

आता सुई. क्रोशे हा शब्दच फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ छोटा आकडा (हूक), म्हणजे कलेचं नाव सुईवरूनच पडलं आहे. सुईचे चार भाग ओळखून ठेवा. टोकाला आकडा, त्याखाली निमुळती मान, मग सरळ दांडा आणि शेवटी अंगठा टेकवायची चपटी जागा असलेली मूठ. सुईचं माप म्हणजे दांड्याची जाडी. आकड्याची नाही, मानेची नाही. टाक्याचा आकार दांड्यावर ठरतो. नवी माणसं भीतभीत विणतात, धाग्याचा फास मानेतच अडकवून ठेवतात आणि दांड्यापर्यंत येऊच देत नाहीत. मग ५ मिमीच्या सुईने ४ मिमीचे टाके पडतात, आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही. प्रत्येक फास दांड्यावर सरकवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मापाच्या आकड्यांनी किती घोळ होतो त्याचं उत्तम उदाहरण तुमच्या कपाटातच आहे. ‘८’ लिहिलेली सुई म्हणजे किती जाड? अमेरिकी मापात एच-८ म्हणजे ५ मिमी. जुन्या ब्रिटिश मापात ८ म्हणजे ४ मिमी. स्टीलच्या बारीक सुयांची मोजणी आणखी वेगळी: अमेरिकी मापात ८ म्हणजे दीड मिमीच्या आसपास, जपानी मापात ०.९ मिमी. ब्रिटिश मापात आणि स्टीलच्या सुयांत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी मोठ्या सुयांत आकडा वाढला की जाड होते. म्हणून सुई मिलिमीटरमध्येच मागा आणि मिलिमीटरमध्येच लिहून ठेवा. माप न लिहिलेली सुई मोजायची असेल तर भोकांची मापपट्टी मिळते किंवा व्हर्नियर कॅलिपर चालतो. भोकांच्या पट्टीत सुई दांड्यापर्यंत आत गेली पाहिजे, नुसतं टोक गेलं म्हणजे झालं असं नाही.

तुमची ती सुई बारीक सुती दोऱ्याची आहे. रुमालाच्या कडा, जाळीचे गोल, लेस यांसाठी. दोऱ्यांचे आकडेही उलटेच चालतात, १० नंबरचा दोरा जाड आणि ८० नंबरचा केसासारखा. १० नंबरच्या दोऱ्याला साधारण दीड मिमीची सुई लागते. हे काम देखणं असतं, पण त्यातला टाका गव्हाच्या दाण्याएवढाही नसतो. सहा महिन्यांनी ती सुई बाहेर काढा, तेव्हा तिची गंमत कळेल.

आत्ता घ्यायची ती ५ मिमीची एक सुई. ४ नंबरच्या लोकरीला ती बरोबर जमते. तुमचा हात घट्ट पडतोय असं दिसलं तर ५.५. डीके मिळाली असेल तर ४.५. लोकरीच्या लेबलवर सुईचं चित्र काढून माप दिलेलं असतं, पण चित्र नीट बघा: दोन सरळ सुयांचं चित्र म्हणजे दोन सुयांवरच्या विणकामाचं माप, टोकाला हूक असलेल्या एका सुईचं चित्र म्हणजे आपलं. कधीकधी दोन सुयांचंच माप छापतात. तेव्हा क्रोशासाठी त्याहून अर्धा ते एक मिमी जाड सुई धरून बघायला हरकत नाही.

सुई ॲल्युमिनियमची घ्या. तिच्यावरून धागा छान सरकतो, ती वाकत नाही आणि थोडी थंड लागते एवढीच तिची तक्रार. बांबूची आणि लाकडाची सुई हाताला ऊबदार, पण धाग्याला थोडी धरून ठेवते. लोकर फार निसरडी असेल तर हेच फायद्याचं. प्लास्टिकच्या सुईवर बऱ्याचदा साच्याची उभी रेघ राहिलेली असते आणि ती धाग्याला खरवडते. कुठलीही सुई घेण्याआधी आकडा एखाद्या तलम कापडावरून हळूच ओढून बघा. कुठेही धागा ओढला गेला तर आकड्याच्या आतली कड खरबरीत आहे.

आकड्याच्या घडणीतही दोन जाती आहेत. एकीत आकडा दांड्यातूनच कोरून काढल्यासारखा, दांड्याच्याच रेषेत असतो; खाच खोल, टोक धारदार. दुसरीत मान निमुळती, डोकं गोलसर, खाच उथळ. विणणाऱ्यांत यावरून अगदी पक्ष पडलेले आहेत. मी कुठल्याच पक्षात नाही. फास ओढून आणताना सारखा निसटत असेल तर खोल खाचेची घ्या. सुई धागा फाडत असेल तर गोल डोक्याची घ्या. स्वस्त संचांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. बारा-चौदा सुयांपैकी तुम्ही वर्षभरात दोन-तीन वापराल, आणि त्या दोन-तीनही ओबडधोबड निघाल्या तर तुम्हाला वाटेल की दोष आपल्या हाताचा आहे. माझ्याकडे असा एक संच आहे. त्यातल्या ४ आणि ४.५ च्या सुया कॅलिपरवर एकाच मापाच्या भरल्या.

मूठ जाड, मऊ रबराची असावी का? ज्यांच्या सांध्यांना त्रास आहे त्यांनी अवश्य घ्यावी. बाकीच्यांनी साध्या सुईवर सुरुवात करून आधी आपली पकड कोणती ते ओळखावं. काही जण सुई पेन्सिलीसारखी धरतात, काही सुरीसारखी वरून. दोन्ही बरोबर. मात्र सुरीसारखी धरणाऱ्याला लांब मूठ लागते, तळहातात टोचणारी आखूड सुई त्यांच्या कामाची नाही.

सुई आणि लोकर एकमेकांना जमतात का, हे पाच मिनिटांत कळतं. वीस साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढून काढलेले फास, घाला. मग परत फिरून त्या साखळ्यांत मुके खांब विणा. सुई आत घालताना मनगट पिळावं लागलं, किंवा बोटाने साखळी ताणून धरावी लागली, तर साखळी घट्ट आहे. तेव्हा फक्त साखळीपुरती अर्ध्या मिमीने जाड सुई वापरायची आणि पहिल्या ओळीपासून परत ठरलेल्या सुईवर यायचं. जुनी युक्ती आहे, अनुभवी हातही करतात. दहाएक ओळी झाल्या की तुकडा मुठीत चुरगाळून सोडा. पुठ्ठ्यासारखा ताठ राहिला तर सुई जाड हवी. टाक्यांमधून पलीकडचं दिसत असेल तर बारीक.

बाकीचं सामान घरात निघेल.

लोकरीची सुई लागते, म्हणजे बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची. शिवणाची टोकदार सुई धाग्यांच्या मधून जायचं सोडून धागे भोसकत जाते, म्हणून ती नको. ही सुई काम संपल्यावर सुटी टोकं लपवायला. टोक निदान १५ सेंमी ठेवा, आखूड ठेवलं तर नेढ्यात ओवता येत नाही. ते टाक्यांच्या पोटातून एका दिशेला न्यायचं, मग एक धागा सोडून उलट परत आणायचं, पुन्हा एकदा पहिल्या दिशेला. एकाच दिशेला नेलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर डोकावतं. नुसती गाठ मारून कापून टाकणाऱ्यांना मी बरंच ओरडलेली आहे.

खुणेच्या पिना घ्याल तर उघडता येणाऱ्या घ्या. दोन सुयांवरच्या विणकामाच्या बंद रिंगाही शेजारीच टांगलेल्या असतात. त्या सुईवर सरकतात, म्हणून तिथे चालतात. क्रोशात प्रत्येक टाका लगेच पुरा होऊन मिटतो, त्यामुळे बंद रिंग त्यात कायमची अडकते आणि शेवटी पक्कडीने तोडावी लागते. साधी कागदाची क्लिप किंवा दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा तुकडाही चालतो. सेफ्टी पिनचीही अडचण नाही, फक्त तिच्या वेटोळ्यात धागा अडकतो. खूण दर ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात घाला. वर सांगितलेला तो लपून बसणारा टाका असाच पकडता येतो, आणि पहिल्या महिन्यात माझ्या मते सुईखालोखाल महत्त्वाची वस्तू हीच. काम बाजूला ठेवताना सुईवरच्या फासातही एक खूण अडकवा. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो, त्यामुळे सुई निसटली तरी फार काही उसवत नाही, पण लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर त्या एका फासावरूनही सगळं काम खेचलं जातं.

कात्री कुठलीही, धार असली म्हणजे झालं. टेपऐवजी सरळ पट्टी बरी, जुना कापडी टेप ताणून लांबलेला असतो. ओळी मोजायचं यंत्र मिळतं. मी आजही कागदावर रेघा मारते. ताणून वाळवायच्या पाट्या, गंज न लागणाऱ्या टाचण्या, गुंडा करायचं चरख्यासारखं यंत्र, हे सगळं सध्या विसरा.

त्या जुन्या निळ्या लोकरीकडे येऊ. उजेडात नेऊन थोडी उलगडा. ठिकठिकाणी धागा कुरतडलेला किंवा तुटलेला दिसला तर कसर लागली आहे, आणि मग ती दुसऱ्या लोकरीजवळ ठेवूसुद्धा नका. कसर खऱ्या लोकरीला लागते, निव्वळ ॲक्रिलिक तिच्या खाण्यातलं नाही. एक हातभर धागा दोन्ही हातांनी ओढा. सहज तुटला तर लोकर कुजली आहे. कशाची आहे ते कळत नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर, पाणी हाताशी ठेवून जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत दूर नेली की बहुधा विझते आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळत राहतं, राख मऊ करडी. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळी कडक गाठ राहते. ती गरम असताना बोट लावू नका. ती लोकर एखादा स्वेटर उसवून काढलेली असेल तर नागमोडी असेल. लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि न पिळता टांगून वाळवा, धागा बराच सरळ होतो. मग पुढेमागे एखाद्या फिकट कामाला ती निळी किनार सुरेख दिसेल.

एक गोष्ट सामानात मोडत नाही, पण पहिला लिखित नमुना हातात घेतलात की लगेच अडेल. अमेरिकी आणि ब्रिटिश नमुन्यांत टाक्यांची नावं एक घर सरकलेली आहेत. आपण ज्याला मुका खांब म्हणतो तो अमेरिकेत सिंगल क्रोशे, ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आपला साधा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकी समजा, ब्रिटिश नावांत सिंगल नसतंच. मी नमुना हातात आला की कडेला पेन्सिलीने मुका, अर्धा, खांब असं लिहून घेते आणि मगच सुई उचलते.

पहिलं काम म्हणून १५ सेंमीचा चौकोन करा. ४ नंबरची लोकर आणि ५ ची सुई असेल तर साधारण वीस मुक्या खांबांत तेवढी रुंदी भरते, म्हणजे साखळ्या एकवीस; शेवटची एक वळणासाठी. एका १०० ग्रॅमच्या गुंड्यात असे बरेच चौकोन होतात, म्हणून सुरुवातीला एकच गुंडा पुरे. दर ओळीला टाके मोजा, अगदी कंटाळा आला तरी. मोजणी सलग पाच ओळी वीसच आली की मग मोजलं नाही तरी चालेल. वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवून बोटं उघडा, मनगट फिरवा. सुरुवातीला सगळेच सुई फार आवळून धरतात.

भरलेली छोटी खेळणी करायची तुम्हाला घाई असेल, नव्या माणसांना हल्ली असतेच. त्यासाठी सुई लोकरीच्या मानाने अर्ध्या ते एक मिमीने बारीक लागते, नाहीतर आतला कापूस टाक्यांमधून दिसतो. आणि खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर डोळे बटणांचे किंवा प्लास्टिकचे लावू नका, धाग्यानेच विणा किंवा भरतकामाने काढा. पण तिथे गोलाकार विणकाम येतं, ओळीला सुरुवात-शेवट दिसत नाही, टाके आवळलेले असतात. निदान चार चौकोन आधी होऊ द्या. चौथा झाला की पहिल्यावर ठेवून बघा. त्याच्या चारही कडा सरळ असतील तर दुसरी सुई, ४ मिमीची, घ्यायला हरकत नाही.